रंगाची उतरंड घरात शिरते तेव्हा

२०१४ च्या फेब्रुवारीत, ऑस्कर सोहळा तोंडावर आलेला असताना, अभिनेत्री लुपिता न्योंगो हॉलिवूडमधल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका सत्कार समारंभात बोलायला उभ्या राहिल्या. आधी त्यांनी एका मुलीच्या पत्राबद्दल सांगितलं. ती मुलगी त्वचा उजळण्याचं क्रीम विकत घेण्याच्या बेतात होती, पण लुपितांना पडद्यावर पाहिलं आणि तिनं तो विचार सोडला. मग त्या स्वतःच्या लहानपणाबद्दल बोलल्या. रोज रात्री त्यांचं देवाकडे एकच मागणं असायचं: सकाळी उठेन तेव्हा माझा रंग उजळलेला असू दे. त्यासाठी देवाशी सौदाही व्हायचा. रात्री साखरेचे खडे चोरून खाणार नाही, आईचं सगळं ऐकीन, शाळेचा स्वेटर पुन्हा हरवणार नाही, फक्त मला थोडं उजळ कर.

या भाषणातली एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. लुपितांचा जन्म मेक्सिकोतला, पण त्या वाढल्या केनियात. आजूबाजूची बहुतेक माणसं कृष्णवर्णीय. म्हणजे त्या लहान मुलीला तिचा रंग वाईट आहे हे शिकवायला शेजारी कुणी गोरं माणूस राहायला असावं लागलं नाही.

याला कलरिझम म्हणतात. वंशभेद एका गटानं दुसऱ्या गटाशी केलेला असतो. कलरिझम एकाच गटातल्या माणसांमध्ये फरक करतो, मग तो करणारा घरचा असो वा बाहेरचा. एकाच समाजात, एकाच कुटुंबात, कधी एकाच आईच्या दोन मुलींमध्ये कातडीची छटा, केसांचा पोत, नाकाओठांची ठेवण यांवरून कोण वरचं आणि कोण खालचं हे ठरतं. अमेरिकन लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या गोष्टीला नाव दिलं. गोष्ट मात्र शतकांपासून चालत आलेली होती.

या लेखात मला कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक स्त्रियांच्या संदर्भात मुख्यतः एकच गुंता सोडवायचा आहे. बाहेरच्या जगाचे अपमान झेलूनही ज्या स्त्रियांचा स्वाभिमान शाबूत राहतो, त्यांनाच घरातल्या माणसाचा एखादा शब्द इतका खोल का लागतो?

त्याआधी एक खुलासा. अमेरिकेत हिस्पॅनिक म्हणजे ज्यांची मुळं स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत आहेत असे लोक. हा वंश नव्हे. मेक्सिकोच्या डोंगरातल्या मूलनिवासी कुटुंबातली मुलगी, स्पेनहून आलेल्यांची गोरी वंशज आणि क्युबातल्या आफ्रिकी गुलामांची पणती, तिघीही हिस्पॅनिक असू शकतात. त्यामुळे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक असे दोन वेगळे कप्पे करताच येत नाहीत. कित्येक स्त्रिया दोन्ही आहेत, आणि आपण दोन्ही आहोत हे त्यांना दोन्हीकडे पटवून द्यावं लागतं.

ही उतरंड रचली कुणी

१६६२ साली अमेरिकेतल्या इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीनं कायदा केला की मूल गुलाम की स्वतंत्र हे त्याच्या आईवरून ठरेल. इंग्लंडच्या रीतीप्रमाणे मुलाचा दर्जा बापावरून ठरायचा. ही रीत उलटी का फिरवली, हे ओळखणं अवघड नाही. मालकानं गुलाम स्त्रीवर बळजबरी केली आणि तिला मूल झालं, तर ते मूल त्याचा वारस न होता त्याच्या मालमत्तेत जमा होई. पिढ्यानपिढ्या अशा जन्मांतून गुलाम माणसांमध्येच गडद ते फिकट अशा अनेक छटा तयार झाल्या. उजळ रंगाच्यांना पुष्कळदा शेताऐवजी मालकाच्या घरातलं काम मिळे. घरकाम सुखाचं नव्हतं, तिथं मालकाच्या नजरेतून सुटका नव्हती. पण अंगावर बरे कपडे, थोडी अक्षरओळख, एखादं कसब आणि क्वचित मुक्तता मिळण्याची शक्यता तिथं जास्त होती. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा शिक्षण, जमीन आणि धंदा हाताशी असलेल्या कुटुंबांमध्ये उजळ रंगाच्यांचं प्रमाण ठळकपणे अधिक होतं. रंग आणि सुस्थिती यांची गाठ अशी बांधली गेली. पुढे ती क्लबमधून, चर्चमधून आणि लग्नांतून घट्ट होत राहिली. त्या काळच्या आठवणींत तपकिरी कागदी पिशवीचा उल्लेख वारंवार येतो: दाराशी पिशवी धरायची आणि तिच्याहून गडद रंगाच्या माणसाला आत घ्यायचं नाही. कुठे मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात का हे बघितलं जाई, कुठे केसांतून बारीक फणी अडखळल्याशिवाय फिरते का हे.

केसांचं प्रकरण रंगाइतकंच जुनं आहे. १७८६ साली लुइझियाना स्पेनच्या ताब्यात असताना गव्हर्नर एस्तेबान मिरो यांनी न्यू ऑर्लिन्समधल्या कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्त्रियांना हुकूम सोडला: केसांत पिसं, दागिने माळायचे नाहीत, केस फडक्यानं बांधायचे. स्वतंत्र असलेल्या, उत्तम पेहराव करणाऱ्या या स्त्रिया गोऱ्या बायकांहून उठून दिसू लागल्या होत्या, ही खरी अडचण. बायकांनी हुकूम पाळला, पण रंगीत, भारी कापडाची फडकी अशा डौलात बांधली की तोच त्यांचा शृंगार झाला. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. सौंदर्याची मोजपट्टी सरकारी फर्मानानं ठरवता येते आणि ती झुगारणारी माणसं पहिल्या दिवसापासून असतात, हे दोन्ही तिच्यात दिसतं.

स्पॅनिश अमेरिकेत घडलं ते थोडं निराळं. तिथं मिश्र संतती सर्रास मान्य होती, पण ती पायऱ्यापायऱ्यांवर बसवली होती. अठराव्या शतकातल्या मेक्सिकोत या पायऱ्यांची चित्रंच काढली जात. साधारण सोळा चित्रांचा एक संच, प्रत्येकात आई, बाप आणि मूल, आणि खाली लिहिलेलं की अमुक पुरुष आणि तमुक स्त्री यांच्यापासून अमक्या जातीचं मूल होतं. चित्रकार मिगेल काब्रेरा यांचा १७६३ चा असा संच प्रसिद्ध आहे. चित्र जसजसं खालच्या जातीचं, तसतसे कपडे फाटके आणि घरात भांडण. पुढे तर राजदरबारानं वरची पायरी विकायलाही काढली. १७९५ च्या दरपत्रकात आफ्रिकी रक्ताचा डाग पुसून घेण्याची सनद ५०० रेआलला (रेआल म्हणजे त्या काळचं स्पॅनिश नाणं) होती. यावर आजच्या व्हेनेझुएलातल्या काराकासमधल्या गोऱ्या बड्या घराण्यांनी तक्रार केली, कारण पैसे भरून कुणीही आपल्या शेजारी येऊन बसणार!

अमेरिकेत पुढे एक थेंब आफ्रिकी रक्त असलं तरी माणूस कृष्णवर्णीयच असा दंडक आला. व्हर्जिनियानं तर १९२४ मध्ये तसा कायदाच केला. स्पॅनिश अमेरिकेत उलट होतं: थोडं थोडं करून गोरं होता येईल अशी आशा कायम दाखवलेली. या आशेचा भार बायकांच्या कुशीवर पडला. आजही कितीतरी हिस्पॅनिक घरांत आज्या नातीला सांगतात, ‘मेहोरार ला रासा’, म्हणजे वंश सुधार, आपल्याहून उजळ नवरा कर. त्या प्रेमानं सांगतात, नातीचं भलं व्हावं म्हणूनच. तिथंच या गोष्टीचा सगळा घोळ आहे.

डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशाचं उदाहरण या बाबतीत सगळ्यात बोलकं वाटतं. या देशातल्या बहुसंख्य लोकांत आफ्रिकी अंश आहे. शेजारी, त्याच बेटावर, हैती. १९३० ते १९६१ इथं सत्ता गाजवणारा हुकूमशहा राफाएल त्रुहियो याची आजी हैतीच्या वंशातली, आणि तो स्वतः चेहऱ्यावर पावडर थापून उजळ दिसू पाहायचा. त्याच्याच हुकमावरून १९३७ मध्ये सीमेजवळ हजारो हैतीवंशीय लोकांची कत्तल झाली. काळे म्हणजे हैतीचे, आपण नव्हे, ही शिकवण राष्ट्रीय धोरण झाली. मग सावळ्या डॉमिनिकन माणसाला म्हणायचं काय? ओळखपत्रावर ‘इंदिओ’ असं लिहिलं जाऊ लागलं, म्हणजे बेटावरच्या मूळ रहिवाशांच्या रंगाचा. त्या मूळ रहिवाशांचा समाज स्पॅनिश आल्यावर काही दशकांतच जवळजवळ नष्ट झाला होता.

कातडी बदलता येत नाही, केस बदलता येतात. म्हणून तिथं हेअर सलूनला आलेलं महत्त्व. मोठे रोलर, ड्रायरखाली बसणं, मग गोल ब्रश आणि गरम हवेनं केस ताणून सरळ करणं, या कसबात डॉमिनिकन बायका इतक्या तरबेज की न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स भागात त्यांच्या सलूनमध्ये सगळ्या समाजांच्या बायका येतात. कुरळे केस म्हणजे ‘पेलो मालो’, वाईट केस. शाळकरी मुलीलाही हे शब्द पाठ असतात. नोकरीच्या मुलाखतीला, लग्नाला, पासपोर्टच्या फोटोला वाईट केस घेऊन जायचं नसतं.

मेक्सिकोत आफ्रिकीपेक्षा मूलनिवासी चेहरा हा अपमानाचा विषय. ओआहाका राज्यातली यालित्सा अपारिसिओ बालवाडी शिक्षिका होण्याचं शिक्षण घेतलेली मुलगी. २०१८ मध्ये पहिल्याच चित्रपटात तिनं घरकाम करणाऱ्या बाईची भूमिका केली आणि २०१९ मध्ये तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला ती तिथल्या एका नामांकित फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. मेक्सिकोतल्या टीव्ही मालिकांमध्ये तिच्यासारखा चेहरा तोवर मोलकरणीच्याच भूमिकेत दिसायचा, त्यामुळे हा धक्का मोठा होता. कौतुक झालं तसा तिच्या मूलनिवासी असण्यावरून शिव्यांचा पाऊसही पडला, आणि त्यात मालिकांमधला एक नावाजलेला नटही होता.

रंगाचे पैसे आणि रंगाच्या शिक्षा

हा सगळा मनाचा खेळ आहे, आत्मविश्वास ठेवला की झालं, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी काही आकडे.

व्हिलानोव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९९५ ते २००९ या काळात तुरुंगात गेलेल्या १२,१५८ कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. गुन्ह्याचा प्रकार, आधीचे गुन्हे वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही, उजळ रंगाची नोंद असलेल्या स्त्रियांना सुमारे १२ टक्के कमी मुदतीची शिक्षा झाली होती. याच मंडळींपैकी काहींनी शाळांचाही अभ्यास केला. सर्वांत गडद रंगाच्या कृष्णवर्णीय मुलींना शाळेतून तात्पुरतं काढून टाकलं जाण्याची शक्यता सर्वांत उजळ रंगाच्या कृष्णवर्णीय मुलींच्या सुमारे तिप्पट निघाली. वंश एकच, फरक फक्त छटेचा.

प्यू संशोधन केंद्रानं २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हिस्पॅनिक लोकांना विचारलं, तेव्हा ६२ टक्के म्हणाले की गडद रंगामुळे पुढे जाण्यात अडथळा येतो. वर्षभरात भेदभाव अनुभवल्याचं गडद रंगाच्या ६४ टक्के लोकांनी सांगितलं, उजळ रंगाच्या ५४ टक्के लोकांनी. मेक्सिकोच्या सरकारी सांख्यिकी संस्थेनं २०१६ च्या पाहणीत लोकांसमोर अकरा छटांचा तक्ता ठेवून आपला रंग ओळखायला सांगितलं होतं. जितकी छटा उजळ, तितकं शिक्षण जास्त आणि काम बरं, हे तिथंही दिसलं.

पुरुषांनाही हा फटका बसतो. मग बोलणं बायकांबद्दलच का? समाजशास्त्रज्ञ मार्गारेट हंटर यांनी २००२ मध्ये याचं नेमकं उत्तर दिलं. सौंदर्य हे स्त्रीसाठी एक प्रकारचं भांडवल आहे, आणि ते कातडीच्या उजळपणात मोजलं जातं. त्यांनी कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन स्त्रियांच्या देशव्यापी पाहण्या तपासल्या. दोन्ही गटांत उजळ रंगाच्या स्त्रियांचं शिक्षण जास्त होतं. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये तर उजळ रंगाबरोबर जास्त कमाई आणि वरच्या स्तरातला नवराही आढळला. पुरुषाची किंमत त्याच्या पगारावरून, पदावरून, बोलण्यावरून ठरू शकते. स्त्रीकडे आधी पाहिलं जातं, बाकीचं नंतर.

उजळ रंगाच्या स्त्रियांनाही याची एक वेगळी किंमत मोजावी लागते. तू पुरेशी काळी नाहीस, तुला आमचं दुःख काय कळणार, अशी शंका त्यांच्यावर आयुष्यभर असते. हे दुःख खरं आहे. पण पगार, शिक्षा आणि शाळा यांच्या तराजूत दोन्ही दुःखं सारखी भरत नाहीत, हेही खरं.

स्वतःची किंमत: खरा गुंता

१९४० च्या आसपास मेमी आणि केनेथ क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या. काही गोऱ्या, काही तपकिरी, बाकी सगळं सारखं. मूळ कल्पना मेमी यांच्या पदव्युत्तर अभ्यासातून आलेली. कोणती बाहुली खेळायला आवडेल, कोणती छान, कोणती वाईट दिसते असं विचारल्यावर सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली निवडली, आणि निम्म्याहून जास्त मुलांनी तपकिरी बाहुली वाईट दिसते असं सांगितलं. शेवटचा प्रश्न होता, यातली तुझ्यासारखी कोणती? काही मुलं तिथं रडली. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगवेगळ्या शाळांची पद्धत बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात या अभ्यासाचा आधार घेतला गेला.

इथून एक समज पसरला की कृष्णवर्णीय मुली मनातून स्वतःचा तिरस्कार करतात. तो चुकीचा आहे, आणि तो अजून सांगितला जातो याचा मला त्रास होतो. बाहुली निवडणं आणि स्वतःला कमी लेखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोरी बाहुली जगात मानानं वागवली जाते हे चार वर्षांच्या मुलाला कळलं, एवढंच त्यातून नक्की सिद्ध होतं. नंतरच्या दशकांत स्वाभिमान मोजणारे शेकडो अभ्यास झाले. २००० साली त्यांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा कृष्णवर्णीय अमेरिकनांचा स्वाभिमान गोऱ्यांपेक्षा किंचित जास्तच भरला.

इतका भेदभाव सोसून हे कसं? १९८९ मध्ये जेनिफर क्रॉकर आणि ब्रेंडा मेजर या मानसशास्त्रज्ञांनी याचं उत्तर मांडलं. ज्यांना समाज खालचं मानतो त्यांच्याकडे बचावाचे तीन मार्ग असतात. पहिला, अपमान झाला तर दोष अपमान करणाऱ्याच्या पूर्वग्रहाला देणं. दुसरा, तुलना आपल्याच माणसांशी करणं, परक्यांशी नाही. तिसरा, ज्या गोष्टीत आपल्याला मुद्दाम कमी ठरवलं जातं तिला फारशी किंमत न देणं. कृष्णवर्णीय आईबाप, चर्च, मोहल्ला हे तिन्ही मार्ग मुलांना लहानपणापासून शिकवत आले आहेत. बाहेर कितीही पाऊस पडो, घराचं छप्पर भक्कम असतं.

आता या छपरात कलरिझम काय करतो ते बघा. टोमणा मारणारी तुमचीच मावशी आहे. ती तुमच्याच वंशाची, तुमच्यावर जीव टाकणारी. तिच्या बोलण्याला पूर्वग्रह म्हणून बाजूला कसं सारणार? पहिला मार्ग बंद. तुलना आपल्या माणसांशी करायला जावं, तर आपल्याच माणसांत ही मोजणी चालू आहे. सख्खी बहीण दोन छटा उजळ आहे, पाहुणे तिचाच गालगुच्चा घेतात. (कातडीचा रंग अनेक जनुकं मिळून ठरवतात, म्हणून मिश्र वंशाच्या एका घरात सख्ख्या बहिणी सहज वेगळ्या रंगाच्या निघतात.) दुसरा मार्गही बंद. आणि मुलीनं सौंदर्याला किंमत देऊ नये, हे तर तिला कुणीच शिकवलेलं नसतं. वंशभेदाविरुद्ध उभारलेलं हे छप्पर कलरिझमच्या वेळी आतूनच गळतं. माझ्या मते या विषयातला कळीचा मुद्दा हाच आहे, आणि ‘आत्मविश्वास बाळगा’ असे सल्ले देणाऱ्यांच्या तो लक्षात येत नाही.

मॅक्सिन थॉम्पसन आणि व्हर्ना कीथ या संशोधक स्त्रियांचा २००१ चा अभ्यास इथं अगदी चपखल बसतो. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या एका राष्ट्रीय पाहणीतली माहिती त्यांनी वापरली. पुरुषांच्या बाबतीत गडद रंगाचा परिणाम ‘आपण काही करून दाखवू शकतो’ या विश्वासावर झालेला दिसला. स्त्रियांच्या बाबतीत तो थेट स्वतःच्या किमतीवर, ‘मी चांगली आहे का’ या प्रश्नावर. पण सगळ्या स्त्रियांवर सारखा नाही. गरीब स्त्रियांवर आणि पाहणी करणाऱ्यांनी ज्यांना दिसायला बेताच्या ठरवलं अशा स्त्रियांवर तो सर्वाधिक होता. ज्यांच्याकडे उत्पन्न होतं किंवा ज्या इतर कारणांनी देखण्या मानल्या जात होत्या, त्यांच्या स्वाभिमानाला रंगानं फारसा धक्का लावला नव्हता.

यातून मी एक निष्कर्ष काढते, तो सगळ्यांना आवडेल असं नाही. ‘प्रत्येक रंग सुंदर आहे’ ही घोषणा चांगली आहे, पण अपुरी आहे. मुलीची किंमत सुंदर असण्यावरच ठरते हे गृहीत धरूनच ती पुढे जाते. मुलीला आपली किंमत अनेक ठिकाणांहून मिळाली पाहिजे: तिच्या हातातल्या पैशातून, शिक्षणातून, ती ज्यात वाकबगार आहे त्या कामातून. मग एका ठिकाणी कुणी कमी तोललं तरी ती कोसळत नाही.

कॅमेरा, काजळ आणि क्रीम

मोजपट्टी माणसांच्या तोंडातच असते असं नाही, ती वस्तूंतही असते. रंगीत छायाचित्रं धुणाऱ्या प्रयोगशाळांना कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी एक कार्ड पाठवायची, त्यावर गोरी स्त्री असे. तिचा रंग नीट आला की फोटो नीट, असा हिशेब. गडद चेहरे त्या फिल्मवर डागासारखे उमटत. फिल्म सुधारली ती बऱ्याच अंशी चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांनी आपल्या मालाच्या तपकिरी छटा दिसत नाहीत अशी तक्रार केल्यावर. चेहरा ओळखणाऱ्या संगणकप्रणालींचंही तेच. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी दाखवलं की स्त्री की पुरुष हे ओळखताना गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत जास्तीत जास्त ०.८ टक्के चुका होतात, आणि गडद रंगाच्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम भागातल्या कृष्णवर्णीय बॅले नर्तकी १९७० च्या दशकापासून आपले मोजे आणि बूट स्वतःच्या रंगाला जुळतील असे रंगवून घेत आल्या, कारण बाजारात ‘त्वचेच्या रंगाचे’ म्हणून फिकट गुलाबीच मिळायचे. बार्बाडोसची गायिका रिहाना हिनं २०१७ मध्ये ४० छटांचं फाउंडेशन बाजारात आणलं, तेव्हा बाकी कंपन्यांची एकच धावपळ उडाली. एवढी गिऱ्हाइकं इतकी वर्षं समोर असूनही दिसली नव्हती.

शरीरावर याची किंमत किती पडते हेही सांगायला हवं. १९९६ मध्ये टेक्सास, न्यू मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात मेक्सिकोहून आलेल्या एका सौंदर्य क्रीममुळे लोकांच्या अंगात पारा भिनल्याचं आढळलं. क्रीममध्ये वजनाच्या ६ ते १० टक्के पारा होता. पारा मूत्रपिंडं आणि मज्जासंस्था बिघडवतो. केस सरळ करणाऱ्या रसायनांबद्दल अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा २०२२ चा अभ्यास आहे. ३३,४९७ स्त्रियांचा सुमारे अकरा वर्षं मागोवा घेतला गेला. ही रसायनं कधीच न वापरलेल्या स्त्रियांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के निघालं, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. ती वापरणाऱ्यांत सर्वाधिक कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या, आणि बऱ्याच जणींची सुरुवात लहानपणीच, आईच्या हातून झालेली असते. आईनं ते वाईट हेतूनं केलेलं नसतं. मुलीला शाळेत कुणी हसू नये, पुढे नोकरी मिळावी, एवढंच तिच्या मनात असतं.

बदल कुठून येतोय

२८ जानेवारी १९६२ रोजी हार्लेममध्ये छायाचित्रकार क्वामे ब्रॅथवेट आणि त्यांच्या साथीदारांनी एक फॅशन शो भरवला. गडद रंगाच्या, केस सरळ न केलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया त्यात मॉडेल होत्या. ‘ब्लॅक इज ब्युटिफुल’ ही घोषणा घराघरात पोचायला या मंडळींचा मोठा हात लागला. डॉमिनिकन रिपब्लिकच्या राजधानीत, सांतो दोमिंगोत, २०१४ मध्ये कॅरोलिना कॉन्त्रेरास यांनी फक्त कुरळ्या केसांसाठी सलून उघडलं, ‘मिस रिसोस’ नावाचं. केस ताणणाऱ्या सलूनच्या त्या देशात हे फार मोठं धाडस होतं.

आता समाजाच्या आतूनही जाब विचारला जातो. २०१६ मध्ये गायिका नीना सिमोन यांच्या जीवनावरच्या चित्रपटात उजळ रंगाच्या झोई साल्डान्या यांनी चेहरा गडद रंगवून, खोटं नाक लावून भूमिका केली. साल्डान्या स्वतः डॉमिनिकन आणि पोर्तो रिकन मुळांच्या कृष्णवर्णीय आहेत. तरी लोक संतापले, कारण सिमोन यांना आयुष्यभर ज्या चेहऱ्यापायी सोसावं लागलं, तसाच चेहरा असलेल्या अभिनेत्रीला ही भूमिका मिळायला हवी होती. २०२० मध्ये साल्डान्यांनी माफी मागितली. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन हाइट्सवर बेतलेल्या एका संगीतपटात मुख्य भूमिकांत गडद रंगाचे हिस्पॅनिक चेहरे जवळजवळ नाहीत, अशी टीका झाली, आणि त्याचे संगीतकार लिन-मॅन्युएल मिरांडा यांनाही जाहीर माफी मागावी लागली.

या लाटेचं पाणी आपल्यापर्यंतही आलं. २०२० च्या मे महिन्यात मिनीआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाली, आणि जूनमध्ये अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या तरुणींनी विचारायला सुरुवात केली की आपण मोर्च्यात जातो, मग आपल्या लग्नाच्या संकेतस्थळांवर स्थळाचा रंग निवडायची सोय कशी चालते? शादी डॉट कॉमनं ती सोय काढून टाकली. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’चं नावही त्याच उन्हाळ्यात बदललं. आपल्याकडच्या गोरेपणाच्या हव्यासाचा इतिहास वेगळा आहे, त्यात अमेरिकेतल्या मळ्यांवरची गुलामगिरी नाही. पण मुलगी जन्मली की रंग कुणावर गेलाय हे आधी विचारणाऱ्या घरांत वाढलेल्या मराठी वाचकांना वर सांगितलेली मावशी वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही.

कायद्याचं काम मात्र अर्धवटच आहे. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात वंश आणि रंग हे दोन शब्द वेगवेगळे लिहिलेले आहेत. त्यामुळे आपल्याच वंशाच्या वरिष्ठानं छटेवरून त्रास दिला तरी दाद मागता येते, हे न्यायालयांनी मानलं आहे. केसांना हे संरक्षण नव्हतं. अलाबामातल्या एका कंपनीनं एका कृष्णवर्णीय तरुणीला जटांसारख्या वळलेल्या बटा कापायला सांगितलं. तिनं नकार दिला आणि देऊ केलेली नोकरी कंपनीनं परत घेतली. २०१६ मध्ये अपील न्यायालयानं कंपनीची बाजू उचलून धरली: केशरचना बदलता येते, म्हणून तो वंशभेद नव्हे. त्यानंतर जुलै २०१९ मध्ये कॅलिफोर्नियानं केसांचा पोत आणि वेण्या, बटा यांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा ‘क्राउन’ कायदा सर्वांत आधी केला आणि वीसहून जास्त राज्यांनी त्याचं अनुकरण केलं. संपूर्ण देशासाठीचा तसाच कायदा मार्च २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झाला, पण सिनेटमध्ये अडकला. त्यामुळे एका राज्यात बिनधास्त वेण्या घालून कामावर जाणाऱ्या स्त्रीला दुसऱ्या राज्यात नोकरी धरण्याआधी तिथला कायदा काय म्हणतो हे अजून तपासावं लागतं.